एमआरआयच्या आधी काय? हाडं, सांधे आणि मणक्यांची दुखणी

अस्थिपंजर

मणक्याचा एमआरआय घेऊन आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "कंबर जास्त दुखते की पाय?" बहुतेकांनी तसा विचारच केलेला नसतो. 'एल४-एल५ डिस्क बल्ज' (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) ही ओळ मात्र तोंडपाठ असते. पुढचं निम्मं या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं आणि ते उत्तर कुठल्याही फिल्मवर छापलेलं नसतं.

मी हाडांचा डॉक्टर. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) रिपोर्टचे फोटो येत राहतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. फोटो बघून निदान करणार नाही. निदान कसं करतात ते सांगेन.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबरेचा काहीही त्रास नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांचे सीटी आणि एमआरआय त्यात एकत्र तपासले होते. विशीच्या ठणठणीत लोकांपैकी ३७ टक्क्यांत गादीची झीज होती, ३० टक्क्यांत बल्ज होता. ऐंशीच्या घरात हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के. या सगळ्यांची पाठ दुखत नव्हती, हे पुन्हा एकदा वाचा. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाच्या रिपोर्टात बल्ज आला, तर त्यावरून त्याचं वय कळतं. दुखण्याचं कारण कळलं असं म्हणायला आणखी पुरावा लागतो.

तो पुरावा पायात असतो. साधी कंबरदुखी कुल्ल्यापर्यंत जाते, फार तर मांडीत उतरते. स्नायू, मागचे बारीक सांधे, गादीचं कडं, यांपैकी नेमकं काय दुखतंय ते बऱ्याचदा ठरवता येत नाही. ठरवलं तरी उपचार फारसे बदलत नाहीत. गादीतला गर मागे सरकून नसेच्या मुळाला लागला, की चित्र पालटतं. दुखणं कंबरेपेक्षा पायात जास्त, गुडघ्याच्या खाली उतरणारं, करंट लागल्यासारखं. आणि ते ठरलेल्या वाटेनं जातं. एल४ची नस असेल तर मांडीची पुढची बाजू आणि नडगीची आतली कड. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय हवा तसा उडत नाही. एल५ असेल तर पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत. अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचलायला सांगितला की लगेच हरतो, टाचांवर चालता येत नाही. एस१ (कंबरेखालच्या त्रिकास्थीची पहिली नस) असेल तर पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपर्यंत. एका पायाच्या चवड्यावर उभं राहताना टाच खाली येते.

मग उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांत पायात कळ गेली तर नस ताणली जातेय. मांडीमागे नुसता ताण आला तर ते स्नायू आखडलेत, बाकी काही नाही. याहून बोलकी खूण म्हणजे चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येणं. (अवांतर: या तपासणीला फ्रान्सच्या लासेगचं नाव चिकटलं. ती १८८१ साली त्याच्या विद्यार्थ्यानं, फोर्स्टनं, प्रबंधात लिहिली. सर्बियाच्या लाझारेविचनं १८८० मध्येच वर्णन करून ठेवलं होतं.)

एवढं झाल्यावर फिल्म लावायची. डावी करंगळी बधीर आणि फिल्मवर एल३-एल४ची गादी उजवीकडे सरकलेली असेल, तर त्या गादीचा या दुखण्याशी संबंध नाही. तिथे ऑपरेशन केलं तर फिल्म सुधारेल, पाय तसाच राहील.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नसते. लघवी तुंबणं किंवा झालेली न कळणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांत कळा किंवा लुळेपणा. खालच्या सगळ्या नसांचा जुडगाच दाबला गेल्याची ही लक्षणं. तेव्हा व्यायाम, शेक, 'सोमवारी दाखवू' काही नाही. रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी आणि तातडीचा एमआरआय. दाब काढायला उशीर झाला तर पाय सुधारतो, लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.

विचारा काय विचारायचं ते.

खुर्चीबहाद्दर

डॉक्टर, धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. एल५-एस१ला गादी नुसती फुगलेली नाही, 'एक्स्ट्रूजन' (गर कड्याबाहेर आलेला) लिहिलंय. कुल्ल्यातून पोटरीच्या मागून करंगळीपर्यंत कळ जाते, खोकलो तरी. पाच-सहा आठवडे झाले. एका सर्जननी ऑपरेशन सुचवलंय, दुसरे म्हणतात थांबा. बल्जपेक्षा एक्स्ट्रूजन जास्त गंभीर ना? मग थांबायचं कसं?

अस्थिपंजर

तुमचं वर्णन आणि फिल्म जुळतायत, त्यामुळे निदानाबद्दल फार वाद नसावा. पण 'जास्त बाहेर म्हणजे जास्त वाईट' हा हिशोब इथे उलटा पडतो. जो तुकडा गादीच्या कड्याबाहेर पडलाय त्याच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोचतात, शरीराच्या पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. आपोआप आक्रसण्याचं प्रमाण एका संकलित अभ्यासात असं आलंय: पूर्ण सुटलेला तुकडा ९६ टक्के, एक्स्ट्रूजन ७०, प्रोट्रूजन (गादी एका जागी पुढे आलेली, पण गर बाहेर पडलेला नाही) ४१ आणि नुसता बल्ज १३ टक्के. दुखणं कमी होण्यासाठी तुकडा पूर्ण जिरावाच लागतो असंही नाही; भोवतालची सूज ओसरली तरी नस शांत होते.

ऑपरेशनबद्दल नेदरलँड्समधली २००७ची चाचणी मला फार उपयोगी वाटते. ६ ते १२ आठवडे जोरदार सायटिका (नस दबून पायात जाणारी कळ) असलेले २८३ पेशंट. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, निम्म्यांना थांबवून औषधं-व्यायाम. ऑपरेशनवाल्यांची पायाची कळ लवकर थांबली, यात शंका नाही. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक 'बरे झालो' म्हणत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं, हेही त्यात धरलंय. म्हणजे तुमचे दोन्ही सर्जन चूक नाहीत. एक लवकर आराम देऊ बघतायत, दुसरे सुरी टाळू बघतायत. कळ किती सहन होते, झोप लागते का, कामावर जाणं किती अडलंय, हे तुम्हीच सांगू शकता.

पाय लुळा पडत चालला असेल तर मात्र हे गणित लागू नाही. एका पायावर उभं राहून टाच उचला, सलग दहा वेळा. मग दुसऱ्या पायानं. दुखरा पाय मधेच सोडून देत असेल तर दोघांपैकी ज्यांच्याकडे जाल त्यांना आधी ते दाखवा.

तिरपागडे

म्हणजे सारांश काय, तर एमआरआयची मशीनं भंगारात काढायची आणि डॉक्टरांनी हातोडी घेऊन फिरायचं. हलके घ्या.

गंभीरपणे विचारतो. नसांसाठी म्हणून प्रत्येकाला 'प्रेगाबालिन' लिहिलेलं असतं. त्यानं काही होतं का? आमच्याकडे दोघं जण दिवसभर पेंगत असतात, कळ आहे तशीच.

अस्थिपंजर

सायटिकासाठी त्याची नीट चाचणी झालीय, २०१७ मध्ये, २०७ पेशंटवर. खोट्या गोळीपेक्षा पायाची कळ जास्त कमी झाली नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो. तिथून ते इकडे आलं. पण कुणीही हे वाचून चालू गोळी एकदम बंद करू नये, ती उतरवत न्यावी लागते. लिहून देणाऱ्यांना विचारा.

हालचाल

मी फिजिओ. डॉक्टर, 'औषधं-व्यायाम' हे दोन शब्द एका दमात उरकलेत, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे झोपून राहणं. अजूनही लोकांना 'तीन आठवडे सक्त आराम' सांगतात, वर ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं). हेलसिंकीत १९९५ साली ताज्या कंबरदुखीचे तीन गट केले होते: दोन दिवस झोपून, ठरावीक व्यायाम करून, आणि जमेल तितकी नेहमीची कामं करत राहून. सर्वांत लवकर सुधारला तो तिसरा गट. हो, माझ्या व्यायामवाल्यांपेक्षाही! पहिल्या काही दिवसांत व्यायामाचा तक्ता नकोच, चाला-फिरा, दर अर्ध्या तासानं बसायची ढब बदला. तक्ता नंतर, परत परत दुखू नये म्हणून.

दुसरं, 'कुठला व्यायाम' याला एकच उत्तर नाही. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी आमच्याच पेशातले. १९५६ साली त्यांचा एक सायटिकाचा पेशंट पालथा झोपला तो चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर. कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ तसाच राहिला आणि उठला तेव्हा पायातली कळ गेलेली. तिथून त्यांनी पद्धत बसवली. तिच्यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: दुखणं पायातून वर सरकत कंबरेत जमा व्हायला लागलं तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त का दुखेना. उलट कंबर हलकी वाटतेय पण कळ पोटरीत उतरतेय, तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही. कितीही नामवंत व्हिडिओतला असो.

खुर्चीबहाद्दर, कंबरेच्या पट्ट्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. प्रवासापुरता वापरा. चोवीस तास लावून ठेवू नका.

क्ष-किरण

मी रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या बाजूचा. आमच्यावर जरा अन्याय होतोय. फॉर्मवर नुसतं 'बॅकपेन' लिहून पेशंट पाठवतात. डावा पाय का उजवा तेही नसतं. मग आम्ही दिसेल ते सगळं लिहितो, आणि दिसतं बरंच. "डावीकडे एस१ची कळ, टाच उचलता येत नाही" एवढं लिहून आलं तर मी त्या नसेवर दहा मिनिटं जास्त घालवीन.

आणि कधी लगेच फिल्म काढायची तेही सांगायला हवं, नाहीतर लोक वर्षभर शेकत बसतील. पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री कूस बदलली तरी न थांबणारं दुखणं, बरेच महिने स्टिरॉइड चालू, वयस्कर बाईला नुसतं वाकल्यावर पाठीत कट्कन झालं, उंचावरून पडणं. यांतलं काही असेल तर फिल्मआधी सहा आठवडे थांबायचा एरवीचा नियम लागू नाही. मणक्याचा क्षयरोग तर फिल्मवर बऱ्याचदा ओळखू येतो: शेजारशेजारचे दोन मणके समोरासमोरच्या कडांनी पोखरलेले आणि मधली गादीही गेलेली. कॅन्सरची गाठ असेल तर मणका खराब होतो पण गादी सहसा टिकून असते. हे दोन्ही शेकानं बरं होणारं नाही.

अस्थिपंजर

मान्य, पूर्ण मान्य. फॉर्मचं तर अगदीच.

त्यात दोन भर घालतो. विशी-तिशीतला मुलगा, सकाळी उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी, हिंडला-फिरला की मोकळी आणि विश्रांतीनं पुन्हा वाईट. पहाटे दुखण्यानं जाग येते. यांत्रिक (स्नायू-सांध्यांच्या ताणाची) कंबरदुखी आरामानं कमी होते, ही आरामानं वाढते. ती अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसकडे (मणके आखडवणाऱ्या संधिवाताकडे) बोट दाखवते. साध्या एक्स-रेत बदल दिसायला काही वर्षं जातात, तोवर 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं जातं. इथे नितंबांजवळच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय आणि संधिवाततज्ज्ञ, दोन्ही हवेत.

दुसरी मान. मानेची नस दबली तर हातात कळ येते, माणूस आपणहून धावत येतो. मानेत मज्जारज्जूच दबला जात असेल तर फारसं दुखतच नाही, हीच पंचाईत. शर्टाचं बटण लागत नाही, अक्षर बिघडलंय, चालताना झोक जातो, अंधारात जास्त. घरचे वयावर ढकलतात. दहा सेकंदांत मूठ भराभर उघडमीट करायला लावा. धडधाकट माणूस वीसेक वेळा करतो. बोटं अडखळत, एकेक करून उघडत असतील तर मानेचा एमआरआय लवकर करा आणि मानेला मालीश, झटके वगैरे कुणालाही देऊ देऊ नका. हा दाब थांबून बघण्यातला नाही.

पळपुटा

मणकेवाल्यांनी धागा पळवला. मी साधा धावणारा माणूस. घोटा मुरगळला, अंड्याएवढी सूज, काळानिळा. लगेच एक्स-रे काढायचा का? आणि बर्फ की शेक? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

अस्थिपंजर

घोट्यासाठी कॅनडातल्या ओटावात १९९२ साली नियम बसवले, ते जगभर तपासून झालेत. सूज किती आणि रंग काय यावर ते अवलंबून नाहीत. बोटानं दाबून बघायचं. घोट्याची बाहेरची आणि आतली अशी दोन उंचवट्यांची हाडं. त्यांच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत मागची कड. तिथे हाडावरच दुखतंय? पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक टेंगूळ लागतं, करंगळीच्या लांब हाडाचं बूड, तिथे? आतल्या बाजूला कमानीच्या वर, नॅव्हिक्युलर या हाडावर? आणि पडल्यावर लगेच तसंच आता, चार पावलं टाकता येतात का, लंगडत का होईना? कुठेही हाड दुखत नाही आणि चार पावलं टाकता येतायत, तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फारच कमी. मधुमेहानं पाय बधीर असलेल्यांना, दारू प्यायलेल्याला आणि अगदी लहान मुलांना हा नियम लावू नका. त्यांचं 'दुखत नाही' गृहीत धरता येत नाही.

बहुतेक वेळा दुखतं ते बाहेरच्या उंचवट्याच्या थोडं पुढे आणि खाली. तिथलं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारी पट्टी) ताणलेलं किंवा तुटलेलं असतं. तुटलेलं असलं तरी ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

हालचाल

बर्फाचं मी सांगते. आराम-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं रूढ केलं, आणि पुढे त्यांनीच बर्फ आणि सक्त आराम यांवर फेरविचार केला. सूज हा भरून येण्याचाच भाग आहे. कळ मारायला पहिल्या एक-दोन दिवसांत दहा-पंधरा मिनिटं बर्फ लावा, कापडात गुंडाळून. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. पहिल्या दोन दिवसांत चोळणं आणि गरम शेक नको. मग ब्रेस लावून लवकरात लवकर वजन टाकायला लागा.

खरी गोम पुढे आहे. दुखणं थांबलं की लोक पळायला लागतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. लिगामेंटमध्ये 'पाय कुठल्या कोनात आहे' हे सांगणारी नसांची टोकं असतात, तीही दुखावलेली असतात. दात घासताना एका पायावर उभे राहा. जमलं की डोळे मिटून (बेसिनला हात लावायला मोकळा ठेवा!). मग उशीवर. डोळे मिटून दुखरा पाय चांगल्या पायाइतका टिकत नाही तोवर खडबडीत रस्त्यावर धावू नका.

पळपुटा

धन्यवाद ताई. हाड कुठेच दुखत नाहीये, चार पावलं काय चाळीस टाकली. आमच्या ग्रुपमधल्या एकाला धावताना मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारल्यासारखं झालं, वळून बघितलं तर कुणीच नाही. तोही म्हणतोय मुरगळलंय.

अस्थिपंजर

त्याला आजच दाखवायला सांगा. 'मागून मारलं आणि वळलो तर कुणी नाही' हे टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर), अकिलिस, तुटल्याचं हमखास वर्णन आहे. पालथं झोपवून, पाऊल टेबलाबाहेर लोंबकळू देऊन पोटरी दाबायची. शीर शाबूत असेल तर पाऊल खाली झुकतं. तुटली असेल तर ढिम्म हलत नाही. बाकीच्या स्नायूंच्या जोरावर तो चालू शकतो, बोटंही हलवू शकतो, म्हणून फसायला होतं. लवकर आला तर बुटात पाऊल खाली झुकवून ठेवूनही बरं करता येतं. महिनाभरानं आला तर काम अवघड. त्यानं हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच जातीचं अँटिबायोटिक घेतलं होतं का तेही विचारा. त्यानं ही शीर कमजोर होते.

मधली सुट्टी

धाकटा दीर हातावर पडला, मनगट दुखतंय. एक्स-रे नॉर्मल, 'मुका मार आहे' म्हणून क्रेप बँडेज बांधून पाठवलं. आठवडा झाला, अंगठ्याकडची बाजू अजून दुखते. नॉर्मल म्हणजे नॉर्मल ना?

क्ष-किरण

या एका हाडाच्या बाबतीत नाही. अंगठा ताठ बाहेर ताणला की मनगटाशी दोन शिरांच्या मधे एक खळगा पडतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइडची (मनगटातल्या अंगठ्याकडच्या छोट्या हाडाची) चीर आहे असं धरूनच चालतात, पहिला एक्स-रे काहीही म्हणो. ताजी चीर केसाएवढी असते, फिल्मवर येत नाही. दहा ते चौदा दिवसांनी, कडांवरचं हाड थोडं विरलं की दिसायला लागते. तोवर अंगठ्यासह प्लॅस्टर किंवा स्प्लिंट. थांबायचं नसेल तर एमआरआय, आणि इथे त्याची गरज आहे असं मी बेधडक सांगतो.

एवढा बाऊ का, तर या हाडाचा रक्तपुरवठा बोटांच्या बाजूनं आत शिरून मागे जातो. मधोमध तुटलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडतो. न जुळलेला स्कॅफॉइड काही वर्षांनी मनगटाचा संधिवात घेऊन येतो, तेव्हा पडलेलं आठवतही नसतं.

मधली सुट्टी

बापरे. उद्याच नेते. जाता जाता: मुलगा (८ वर्षं) गुडघा दुखतो म्हणून लंगडतो, गुडघ्याला मात्र काहीच दिसत नाही.

अस्थिपंजर

मुलांत गुडघा दुखतो म्हटलं की खुबा तपासायचा. खुब्याचं दुखणं त्याच नसांवरून गुडघ्यात जाणवतं. त्याला उताणं झोपवून, गुडघा वाकवून, खुबा आत-बाहेर वळवून बघतात; एका बाजूला अडकत असेल तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे. या वयात पर्थीस (रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा खराब होणं), थोड्या मोठ्या आणि जाड मुलांत खुब्याचा गोळा घसरणं. सोबत ताप असेल आणि पाय टेकवतच नसेल, तर सांध्यात पू झाल्याची शंका. तिथे तासांचा प्रश्न असतो.

दिराला प्लॅस्टर घातलं तर एक लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत गोळ्या घेऊनही वाढत जाणारं दुखणं, आणि दुसऱ्या कुणी बोटं हळूच सरळ केल्यावर असह्य कळ, म्हणजे आत दाब वाढतोय. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागते. प्लॅस्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत कापावं लागतं, रात्री असो की पहाटे.

तिरपागडे

गुडघ्याचं माझं स्वतःचं विचारतो. वय ५२. पडलो-बिडलो नाही, तरी एमआरआयमध्ये 'मेनिस्कस टेअर' (गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटलेली). दुर्बिणीतून साफ करून घ्या म्हणतात.

हालचाल

तुमच्यासारख्यांवरच फिनलंडमध्ये २०१३ साली चाचणी झाली. ३५ ते ६५ वयाचे १४६ जण, झिजेमुळे फाटलेला मेनिस्कस. निम्म्यांची फाटकी कड कापली, निम्म्यांना नुसती दुर्बीण घालून ऑपरेशनचं नाटक केलं. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच सुधारले होते. मांडीचे स्नायू तीन महिने नेटानं कमवा, मग बोलू.

अस्थिपंजर

सरसकट नको, ताई. गुडघा मधेच अडकून सरळच होत नाही, अशा माणसाचा त्या चाचणीशी संबंध नाही. विशीतला खेळाडू, गुडघा पिळला, 'टक्' आवाज आला आणि दोन तासांत गुडघा फुगला, तोही वेगळा. इतक्या लवकर आलेली सूज बहुधा रक्ताची, आणि मग एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट) गेल्याची शंका घ्यायची. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज मेनिस्कसची असू शकते. 'सूज कधी आली' हे विचारायला मशीन लागत नाही. तिरपागडे, तुमचा अडकत नसेल तर मी ताईंच्याच बाजूचा.

हालचाल

एसीएलचं ऑपरेशनसुद्धा सगळ्यांचं करावं लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांची चाचणी झाली, २०१०ला छापून आली. आधी व्यायाम दिलेल्या ५९ पैकी २३ जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं त्याविना चाललं.

अस्थिपंजर

आणि ज्यांचा गुडघा जिना उतरताना दगा देत राहतो त्यांचा चांगला मेनिस्कसही फाटतो, हे मी टेबलावर बघतो. दगा देणारा गुडघा थांबवून ठेवायचा नाही, यावर मी ठाम आहे. ऑपरेशन झालं तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर जायचं नाही, यावर आपलं एकमत असावं.

हालचाल

त्यावर आहे. आणि नऊ महिने झाले तरी मांडीची ताकद मोजल्याशिवाय नाही.

सांजवेळ

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचा एक्स-रे ठीक म्हणाले, पण पाय टाकवत नाही, जांघेत दुखतं. त्यांना मधुमेह आहे आणि उजवा खांदाही काही महिन्यांपासून जाम झालाय. वर हातच जात नाही.

अस्थिपंजर

खुबा आधी. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर कुणालाही कळतं. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर पाय सरळ दिसतो, एक्स-रेही फसवतो. पडल्यानंतर जांघेत दुखतंय आणि वजन टाकवत नाही, एवढ्यावर एमआरआय करायचा, तो नसेल तर सीटी. आज करा. रुतलेलं फ्रॅक्चर सरकायच्या आत स्क्रूवर निभावतं. सरकलं तर गोळा बदलावा लागतो. ऑपरेशन लागलं तर 'शुगर आटोक्यात येऊ दे' म्हणून आठवडा घालवू देऊ नका; झोपून राहिल्यानं फुफ्फुसात कफ साठणं, पायात गुठळ्या होणं, पाठीला जखमा हे लगेच सुरू होतं. आणि उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं असेल तर हाडं ठिसूळ आहेत हे सिद्धच झालं, त्याचे उपचार डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. बऱ्याचदा खुबा दुरुस्त होतो आणि ठिसूळपणा तसाच राहतो.

खांदा मधुमेहात जाम होतोच. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळवून बघा. दुसऱ्यानं वळवला तरी अडत असेल तर फ्रोझन शोल्डर. दुसऱ्यानं सहज वळतो पण स्वतः उचलता येत नसेल तर स्नायूची शीर फाटली असावी. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं. काही दिवस शुगर चढेल, ते आधीच सांगून ठेवा.

हालचाल

इंजेक्शनसोबत व्यायाम हवाच. भूल देऊन खांदा मोकळा करायची घाई नको. २०२० मध्ये ५०३ जणांवर ब्रिटनमध्ये तुलना झाली. भूल देऊन मोकळा करणं, दुर्बिणीचं ऑपरेशन आणि इंजेक्शनसह फिजिओ, यांत वर्षअखेर कुणीच स्पष्ट सरस ठरलं नाही.

सांजवेळ

सीटी झाला, खुब्याला चीर निघाली. उद्या सकाळी स्क्रू टाकतायत. खांद्याचं नंतर बघू. तिथले डॉक्टर म्हणाले की खांद्याचाही एक्स-रे काढू. जाम खांद्याला एक्स-रे कशाला?

क्ष-किरण

बरोबर सांगतायत. जाम खांद्यात एक्स-रे सहसा नॉर्मलच येतो, तो काढतात दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. खांदा मागच्या बाजूला निखळला तरी हात बाहेर वळत नाही, आणि समोरून घेतलेल्या फिल्मवर ते सहज निसटतं. फिट येऊन किंवा विजेचा धक्का बसून असं होतं; मधुमेहात शुगर एकदम उतरून फिट आलेली असू शकते. अशा खांद्यांना महिनोन्महिने व्यायाम दिला जातो. त्यांना पूर्वी फिट आली होती का ते सांगून ठेवा आणि काखेतून घेतलेली फिल्म मागा. हात फार उचलायला लागत नाही, अगदी थोडा बाजूला झाला तरी निघते.